तळ दिसणारं पाणी

गोजराकाकी रोज सकाळी पदराआड भाकरीचा चुरा घेऊन तलावावर जायची. मी तिच्या इमारतीत भाड्यानं राहायला आले तेव्हा मला वाटलं, पुण्यासाठी माशांना घालत असेल. लोक कबुतरांना दाणे टाकतात तसं. खरं काय ते मला पुढं तिच्या मुलीनं, मनस्वीनं सांगितलं.

उंबरखार हे गाव तुर्भ्याच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं. भातशेती सरकारनं कधीच घेतली, आणि उरलेल्या गावठाणात प्रत्येकानं चार मजले चढवून माझ्यासारखे भाडेकरू ठेवले. मी साताऱ्याकडची, वाशीला एका ऑफिसात नोकरीला. गोजराकाकी आणि तिचे यजमान नामदेवकाका तळमजल्यावर राहायचे, मी त्यांच्या डोक्यावर. इमारतीच्या मागच्या दारातून चार पावलं टाकली की तलाव. टेकडीवरून येणारा ओढा त्यात पडतो. पूर्वी या तलावाच्या जागी नुसता खळगा होता आणि खळग्यात गावाची विहीर. पुढं, काकी लग्न होऊन यायच्याही आधी, बांध घातला, पाणी साठलं आणि विहीर पाण्याखाली गेली. भर उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, तरच तिच्या काठाचा एखादा दगड वर डोकावायचा.

काकीचा धाकटा मुलगा निशांत वीसेक वर्षांपूर्वी त्याच विहिरीत गेला. मे महिन्याची सुट्टी होती, पोरं डुंबत होती. पाय सरकला म्हणतात. पाणी हिरवंगार, गढूळ. हातभर खालचं काही दिसत नव्हतं. गावातले पुरुष बुड्या मारमारून थकले आणि दुसऱ्या दिवशी तो सापडला, विहिरीच्या आत. त्याला वर काढलं तेव्हा बायकांनी काकीला घरात धरून ठेवलं होतं. तिनं तो पाण्यातून येताना पाहिला नाही, कुठून काढला ते पाहिलं नाही. अंगणात चादरीखाली पाहिला तेवढाच.

वर्षभर तिनं तलावाकडचं दार उघडलं नाही. मग एका सकाळी आपणहून उघडलं आणि शिळ्या भाकरीचा चुरा घेऊन पाण्याशी गेली. तेव्हापासून रोज. मासे ती खायची, पण बाजारातले. तलावातला मासा तिनं पुन्हा तोंडात घातला नाही. आणि मनस्वी लग्न होऊन खांदेश्वरला फ्लॅटमध्ये गेल्यावर कितीदा म्हणाली, "आई, आता इकडं ये," तरी काकी एक मुक्कामसुद्धा करायची नाही. जेवून संध्याकाळी परत.

सुटीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जायला लागले. तिनं चुरा टाकला की आधी खवल्या यायच्या, बोटाएवढ्या चंदेरी माशांचा थवाच. पाणी उकळल्यासारखं दिसायचं. मग खवल्यांच्या मागं, भाकरीला तोंड न लावता, एक लांबडी काळपट सावली हळूच वर यायची.

"ती मरळ," काकी सांगायची. "तिला भाकरी नको. तिला ह्या खवल्या पायजेत. मी ह्यांना बोलावते, ह्या तिला बोलावतात."

पाणकावळे, खंड्या, टिबुकल्या, सगळे पक्षीही त्याच पंगतीला. काठच्या दगडांवर पाण्यातल्या गोगलगाई चिकटलेल्या असायच्या. चिखलात शिंपल्या. नामदेवकाका दरवर्षी पाऊस स्थिरावला की माशांचं बीज आणून सोडायचे. जमीन गेल्यावर त्यांनी एका कंपनीत वॉचमनची नोकरी केली होती, पण मन शेतकऱ्याचंच. पेरायला काहीतरी हवं म्हणून ते तलावात मासे पेरायचे.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तलाव बदलायला लागला. पण तो बदल वाईट आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. आधी काठाला गोगलगाईंचे शंख सापडायला लागले, खडूसारखे पांढरे, पायाखाली पापडासारखे मोडणारे. मग खवल्यांचा थवा विरळ झाला. नुसता विरळ नाही. होत्या त्या मोठ्या होत्या, त्यांच्यात बारकी पिल्लं दिसेनात. आणि पाणी निवळायला लागलं. दिवाळीपर्यंत तलाव इतका स्वच्छ झाला, की कंबरभर पाण्यातला खडा मोजून घ्यावा. रंग निळसर. देवळातल्या बायका म्हणाल्या, देवीची कृपा. जवळच्या टॉवरमधली पोरं येऊन रील बनवायला लागली. रविवारी लोक जोडीनं फोटो काढायला यायचे. उंबरखारला कधी नव्हे ते कौतुक आलं.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो काकीला. तिनं मला एका सकाळी हाताला धरून बांधावर नेलं.

"बग, ती काय."

मी पाहिलं. पाण्याखाली, तळाशी, दगडांचं एक गोल कडं दिसत होतं. त्याच्या आत अंधार. कड्याचा एक दगड निखळून बाजूला पडलेला.

"तिथंच ना?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "एवढीशीच हाय ग. मना वाटायचं, लय मोठी असंल, लय खोल असंल. रात्री डोळं मिटलं की मना नुसता काळोख दिसायचा, त्याला बूडच नाय. आन् ही बग. आपल्या पाटीएवढी."

त्यानंतर ती नुसती चुरा टाकून परत यायची नाही. बसायची. काका हाका मारून दमायचे. कधी ती त्या निखळलेल्या दगडाकडं बोट करून मला सांगायची, ह्याच्यावरच पाय ठेवला असंल त्यानं. सांगताना तिचा आवाज शांत असायचा. मनस्वी म्हणाली, वीस वर्षांत आईला असं शांत पाहिलं नव्हतं.

काका मात्र अस्वस्थ होते. त्या वर्षी सोडलेलं बीज चार दिवसांत पोटं वर करून काठाला लागलं. पुन्हा आणलं, पुन्हा तेच. ते नेरुळला राहणाऱ्या गीतांजली मॅडमना घेऊन आले. मॅडम कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, पक्षी बघायला अधूनमधून तलावावर यायच्या, तेवढीच काकांची ओळख. मॅडमनी पाण्यात एक कागदाची पट्टी बुडवली. ती पट्टी आणि डबीवरचे रंग ताडून पाहिले. आणखी एक पट्टी बुडवली.

"काका, हे पाणी आंबट झालंय," त्या म्हणाल्या. "आपल्या ताकाएवढं आंबट."

"मग स्वच्छ कसं?"

"जिवंत पाणी हिरवट असतं. त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते खाणारे कणभर किडे असतात, ते खायला पिल्लं असतात. ते सगळं मेलं की पाणी निवळतं. हे स्वच्छ नाही, हे रिकामं आहे."

काकी मागंच उभी होती. ती घरात निघून गेली.

मॅडम आणि काका ओढ्याच्या कडेनं वर चढत गेले. टेकडीच्या आडोशाला एक बंद पडलेली शेड होती. तिथं पूर्वी लोखंडी सामान ॲसिडमध्ये धुवायचे. मालक शेड सोडून कधीच निघून गेला होता, पण मागं खड्ड्यात ॲसिडचा सगळा गाळ पुरून गेला होता. वरची माती खचली होती आणि पडणारा प्रत्येक पाऊस तो खड्डा थोडा थोडा धुऊन खाली आणत होता. गावानं अर्ज केले, फेऱ्या मारल्या. वेळ लागला, पण शेवटी गाळ उचलला गेला, खड्डा बुजला. राहिलं ते तलावातलं पाणी. मॅडम म्हणाल्या, आपोआप सुधारायला फार वर्षं जातील. चुनखडीची पूड टाकली तर आंबटपणा मरेल.

देवळाच्या ओट्यावर गाव जमलं. सगळे हो म्हणाले. आणि मागून काकी उठली.

"नको. पानी हाय तसं ऱ्हाऊ द्या."

लोक वळून बघायला लागले. गावच्या बैठकीत ती कधी बोललेली कुणाला आठवत नव्हतं. कुणीतरी हसलं, "काकी, फोटो काढायचंत का तुमाला?" काकांनी खाली मान घातली. त्यांना कारण ठाऊक होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही ठाऊक असणार. त्यांनी विषय रेटला नाही आणि निर्णय पुढं ढकलला गेला.

त्या संध्याकाळी खालून आवाज आले. काका कधी आवाज चढवत नसत.

"तलाव मेलाय, गोजरे! मेलेल्या पान्याची कसली राखण करतंस?"

"तुमी त्याला वर काढलंत, तवा मना कोंडून ठेवलीत," काकी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला जिन्यात स्पष्ट ऐकू आला. "मी कायच बगितलं नाय. आता बगते हाय, तर ते बी तुमी झाकनार."

काका घराबाहेर येऊन पायरीवर बसले. मी खाली उतरले तर म्हणाले, "मीच शिरलोवतो विहिरीत. मीच काढला त्याला. मना तो तळ बगवत नाय, पोरी. तिला त्याच्यावरनं नजर काढवत नाय. आता काय करू?"

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले.

उन्हाळा गेला. तलावात आता खवल्या उरल्या नव्हत्या. काकी तरीही चुरा न्यायची. तो तसाच तळाशी जाऊन बसायचा आणि दिसत राहायचा. पाणकावळे येईनासे झाले. मरळ तेवढी होती. पण तिचं रूप बघवत नव्हतं. डोकं तेवढंच मोठं आणि मागं अंग चाबकासारखं बारीक. पाण्यात उरलेले किडे आणि चुकून आलेला एखादा बेडूक, यावर ती तग धरून होती.

पावसाच्या सुरुवातीला काकीनं मला हाक मारली. "चल, बग काय झालं." गवताच्या आडोशाला पाण्यावर अंड्यांचा पिवळा तवंग तरंगत होता, साबुदाण्यासारखी अंडी. त्याच्याखाली मरळ स्थिर उभी. "ती राखते," काकी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मरळ अंडी सोडून जात नाय. पिल्लं झाली की लाल लाल थवा घेऊन फिरते, कोनाला जवळ येऊ देत नाय. आता बगशील."

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडायला लागली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी होती. मरळ खालीच होती. वाऱ्यानं तवंग फाटून काठाकडं सरकला तर तीही सरकली. काकी दिवसभर तिथंच बसून होती, जेवायलाही उठली नाही. संध्याकाळी गीतांजली मॅडम आल्या. काकीनं त्यांच्याशी आजवर धड बोलणं केलं नव्हतं. त्या दिवशी तिनंच विचारलं.

"काय झालं ह्यांना?"

"आंबट पाण्यात अंडी फुटत नाहीत, काकी. गेल्या वर्षीही असंच झालं असणार. मोठे मासे तग धरतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण पिल्लू एकही जगत नाही."

"आन् हिला कळत नाय?"

मॅडमनी पाण्याकडं पाहिलं. "ते मला नाही सांगता येणार."

काकी उठली. गुडघे धरूनच उठली, दिवसभर बसून पाय आखडले होते. मॅडमकडं न बघता म्हणाली, "टाका तुमचा चुना."

मॅडम तिला समजावून सांगायला लागल्या की चुन्यानं पाणी सुधारलं तर ते परत हिरवट होईल, तळ दिसणार नाही. त्यांना निशांतची गोष्ट एव्हाना काकांकडून कळली होती. काकीनं त्यांना मध्येच थांबवलं.

"ठाऊक हाय मना. टाका."

कॉलेजची मुलं आली, गावातली आली. होडीतून चुनखडीची पूड हळूहळू पाण्यावर पसरली. काकी आली नाही. आदल्या दिवशी मात्र ती उन्हं कलेपर्यंत बांधावर बसून होती. मी जवळ गेले नाही. त्या दिवशी काकाच गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्याशेजारी बसून त्या गोल कड्याकडं बघत होते. ती बोट दाखवून काहीतरी विचारत होती आणि ते सांगत होते. काय सांगत होते ते मी कधी विचारलं नाही.

तलाव दुधासारखा पांढरा झाला, मग निवळला, मग काही आठवड्यांनी हिरवा व्हायला लागला. त्याच सुमारास मरळ काठाला लागली. काकांनी तिला काढून काठच्या आंब्याखाली पुरलं. मॅडम म्हणाल्या, उपासानं गेली, चुन्यानं नव्हे. काकांना ते पटलं की नाही कोण जाणे.

आम्हाला वाटलं होतं, पाणी सुधारलं की तलाव परत येईल. पट्टीचा रंग वर्षभरातच बरोबर आला. तलाव आला नाही. पाणी नुसतं दाट हिरवं झालं, वास मारायला लागलं, कारण शेवाळ खाणारं कुणी उरलंच नव्हतं. डास झाले. मग पाणकिडे आणि चतुरांच्या अळ्या इतक्या माजल्या की काकांनी सोडलेलं बीज त्यांनी दोन दिवसांत फस्त केलं. अळ्या माशाचं पिल्लू खातात हे मला तेव्हा कळलं.

"रिकाम्या खोल्यांत जो आधी शिरतो तो मालक होतो," मॅडम काकांना म्हणाल्या. "आता बाकीच्यांना जागा मिळायला वेळ लागेल. थांबा. इतक्यात बीज सोडू नका."

काका थांबले. थांबणं त्यांना शेतीमुळं जमायचं. काकीला जमलं नाही. ती मागच्या दारात उभी राहायची, हिरव्या पाण्याकडं बघायची आणि आत यायची. भाकरीचा चुरा तिनं बंद केला. "कोनाला टाकू?" म्हणाली. रात्रीचा तो बूड नसलेला काळोख परत आला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण पहाटे तिच्या बांगड्यांचा आवाज मला वर ऐकू यायचा. झोप नव्हती.

मनस्वी एका रविवारी आली आणि नेहमीसारखं म्हणाली, "आई, चल." काकीनं पिशवी भरली. आम्ही बघतच राहिलो. काका म्हणाले, "मी बी येतो." ती म्हणाली, "तुमी ऱ्हावा. तुमचं इथं काम हाय." त्यात राग नव्हता. काका रिक्षापर्यंत पिशवी घेऊन गेले आणि परत येऊन मागच्या दारात बसले.

त्याला आता चार वर्षं होत आली. काका उंबरखारला एकटेच असतात, मी त्यांना कधी भाजी करून देते. रविवारी ते खांदेश्वरला जातात. गेल्या महिन्यात मीही बरोबर गेले. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, गॅलरीत तुळस, समोर दुसऱ्या सोसायटीची भिंत. काकी बारीक झाली होती, केस पार पांढरे. पण मनस्वी म्हणाली, इथं आल्यापासून झोपते.

जेवताना काका सांगत होते. टिबुकल्यांची जोडी आली. गोगलगाई दिसायला लागल्या, अजून बारक्या आहेत. मासे झाले, पण ते तिलापिया, परदेशी जात. कुणी आणून सोडले कुणास ठाऊक. खवल्या नाहीत. शिंपल्या नाहीत. मॅडम म्हणतात, शिंपल्या येतील की नाही सांगता येत नाही. त्यांचं पिल्लू ज्या माशाला चिकटून वाढतं तो मासा आधी यावा लागतो. मरळ वरच्या ओढ्यातून येईल कदाचित, पाऊस चांगला झाला तर.

काकी त्यांना वाढत होती. त्यांनी मध्येच हात आडवा धरला तरी तिनं आणखी एक डाव भात घातला.

"पानी कसं हाय?" तिनं विचारलं.

"हिरवट. हातभर खालचं दिसत नाय."

"बरं हाय मग," ती म्हणाली, आणि पातेलं घेऊन आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. मनस्वी उठायला लागली तेव्हा काकांनी तिला खुणेनंच बसवलं, आपलं ताट घेऊन ते स्वतः आत गेले, आणि नळ बंद झाला.